परदेशात शिकताना माणसांत राहणे : ठाण्यातील विद्यार्थी आणि पालक यांच्याकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नौपाड्यात वाढले आणि २०२२ च्या हिवाळी सत्रापासून जर्मनीतील आखेन या शहरात शिकते आहे. आधी पदव्युत्तर अभ्यासक्रम पूर्ण केला आणि आता तिथेच संशोधन करते. वर्षातून एकदा ठाण्यात आले की घंटाळीला भाजी घेताना, गोखले रोडवर किंवा आमच्याच इमारतीच्या जिन्यात कोणी ना कोणी थांबवते. जाण्याच्या तयारीतली मुले “ताई, तिकडे अभ्यास सांभाळून हे सगळे कसे जमते?” असे विचारतात आणि त्यांच्या आया थोड्या हळू आवाजात वेगळे प्रश्न विचारतात. “हे सगळे” म्हणजे शनिवारची दुरुस्ती कार्यशाळा, सामायिक स्वयंपाकघरातली जेवणे, विभागाच्या विद्यार्थी मंडळाचे काम आणि दिवाळीतले कंदील. तीच ती उत्तरे उभ्याउभ्या अर्धवट देण्यापेक्षा ती एकदा नीट लिहून काढावीत, असे वाटले. प्रवेश, व्हिसा आणि कर्ज यांविषयी सांगणारे पुष्कळ आहेत. इथे फक्त तिथल्या रोजच्या जगण्याविषयी आणि माणसांविषयी लिहिले आहे. उदाहरणे जर्मनीची आहेत, कारण मी तिथेच राहिले आहे.

अभ्यास सांभाळून लोकांत मिसळायला खरोखर वेळ मिळतो का?

मिळतो, आणि हे हिशेबानेच पटवून देता येते. युरोपातील विद्यापीठांत अभ्यासाचा भार श्रेयांकांत, म्हणजे ‘क्रेडिट’मध्ये, मोजतात. जर्मनीत एका श्रेयांकामागे साधारण ३० तासांचे काम धरले जाते आणि एका सत्रात ३० श्रेयांक अपेक्षित असतात. म्हणजे सहा महिन्यांत सुमारे ९०० तास, आठवड्याला जवळजवळ ३५ तास. त्यात व्याख्याने, स्वतःचे वाचन, गृहपाठ आणि परीक्षेची तयारी हे सगळे आले. ठाण्याहून सकाळची गाडी पकडून कॉलेजला जाणाऱ्या आणि संध्याकाळी क्लास करून नऊला घरी परतणाऱ्या मुलाला हा आकडा मोठा वाटणार नाही.

अडचण तासांची नसून त्यांच्या विभागणीची आहे. तिथे उपस्थिती घेणारे कोणी नसते, दर महिन्याला चाचणी नसते आणि सगळा भार सत्राच्या शेवटी एका परीक्षेवर येतो. हिवाळी सत्राची व्याख्याने ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतात आणि त्यानंतर आठवडेच्या आठवडे परीक्षाच असतात. बहुतेक विषयांना तीनच संधी मिळतात. तिसऱ्यांदा अनुत्तीर्ण झाल्यास तो अभ्यासक्रमच सोडावा लागतो आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडे शिकण्याचा मार्गही बहुधा बंद होतो. ही भीती मनात धरून काही मुले पहिले वर्षभर खोलीबाहेर पडत नाहीत. मी त्यांच्यापैकी काहींना जवळून पाहिले आहे आणि त्यांचे गुण मिसळणाऱ्या मुलांपेक्षा अधिक आले, असे मला कधी दिसले नाही. कोणत्या प्राध्यापकाची परीक्षा कशी असते, जुने प्रश्नसंच कोणाकडे मिळतात, कोणता विषय पुढच्या सत्रात ढकलणे शहाणपणाचे, हे खोलीत बसून कळत नाही. ते जेवणाच्या टेबलावर कळते.

जर्मन लोक मिसळत नाहीत, हे खरे आहे का?

हा समज अर्धाच खरा आहे. ठाण्यात आपली ओळख बोलण्यातून होते. गाडीत शेजारी बसलेल्या बाई दिवा स्टेशनपर्यंत मुलीच्या लग्नाचे सांगून मोकळ्या होतात. तिथे तसे होत नाही. बसमध्ये अनोळखी माणसाशी कोणी बोलत नाही, आणि “कधीतरी घरी या” असे म्हटले तर समोरचा खिशातून फोन काढून तारीख विचारतो. याचा पहिल्या काही महिन्यांत फार त्रास होतो. मलाही झाला.

नंतर माझ्या लक्षात आले की तिथे ओळख होते ती एकत्र केलेल्या कामातून. एखाद्या ठिकाणी तुम्ही सलग सहा आठवडे, ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी जाऊन खुर्च्या मांडल्यात, भांडी घासलीत किंवा गाठोडी उचललीत की सातव्या आठवड्यात न आल्याबद्दल तुमची चौकशी होते. म्हणून मी प्रत्येकाला एकच गोष्ट आग्रहाने सांगते. दहा कार्यक्रमांना एकेकदा जाऊ नका; एक ठिकाण निवडा आणि तिथे दर आठवड्याला जा. माझे तिथले जवळजवळ सगळे मैत्र या एका सवयीतून आले आहे.

सुरुवात कुठून करावी?

विद्यापीठाच्या क्रीडा विभागापासून करावी. जर्मन विद्यापीठांत ‘होखशूलश्पोर्ट’ नावाची व्यवस्था असते. तीत बॅडमिंटनपासून गिर्यारोहणापर्यंत अनेक खेळांचे वर्ग अल्प शुल्कात चालतात आणि नवख्याला कोणी हसत नाही. येऊरच्या जंगलात ज्याने पहाटे फेऱ्या मारल्या आहेत त्याला तिथल्या डोंगरवाटांवर चालणाऱ्यांचा गट सहज आपलासा वाटेल. आखेनच्या वेशीवर जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्स या तीन देशांच्या सीमा एकत्र येतात आणि रविवारी तिथवर पायी जाऊन परत येणे हा विद्यार्थ्यांचा आवडता परिपाठ आहे.

दुसरे ठिकाण म्हणजे ‘फाखशाफ्ट’, म्हणजे विभागाचे विद्यार्थी मंडळ. नव्या विद्यार्थ्यांचे स्वागत, परीक्षांच्या तक्रारी, अभ्यासक्रमाच्या समित्यांवर प्रतिनिधित्व ही कामे तेच मंडळ करते. परदेशी विद्यार्थ्यालाही विद्यापीठाच्या निवडणुकीत मत देता येते आणि उभेही राहता येते.

तिसरे ठिकाण माझे स्वतःचे आहे, दुरुस्ती कार्यशाळा. २००९ मध्ये अॅमस्टरडॅम येथे मार्टिने पोस्टमा यांनी ‘रिपेअर कॅफे’ सुरू केला आणि ती कल्पना युरोपभर पसरली. लोक बिघडलेला टोस्टर, दिवा, शिवणयंत्र घेऊन येतात आणि स्वयंसेवक त्यांच्यासोबत बसून ते दुरुस्त करतात. मला इलेक्ट्रॉनिक्स येत होते आणि जर्मन येत नव्हते, म्हणून ही जागा मला मानवली. सोल्डरिंग करताना बोलावे लागते ते थोडेच, आणि जे बोलतो ते समोरच्या वस्तूविषयी असते. पहिल्या वर्षीचे माझे निम्मे जर्मन शब्द मी तिथेच शिकले, त्यामुळे मला ‘फ्यूज’ आणि ‘स्प्रिंग’ यांची नावे आधी आली आणि ‘पुतण्या’ व ‘भाचा’ यांसाठीचे शब्द फार उशिरा.

जर्मन आले नाही तर चालते का?

वर्गात चालते, जिन्यात चालत नाही. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी नगरपालिकेचे पत्र, घराचा करार, डॉक्टरांकडची नोंद आणि शेजारच्या आजीबाई या सगळ्यांची भाषा जर्मनच असते. घर मिळाल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करावी लागते. तुमच्या जर्मनची पहिली परीक्षा तिथेच होते. जाण्यापूर्वी निदान ए-२ पातळी, म्हणजे रोजचे साधे व्यवहार करण्यापुरती भाषा, गाठून जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात किंवा ठाण्यातल्या एखाद्या चांगल्या शिकवणीत आठ-दहा महिने दिले तर ते जमते.

महिन्याचा खर्च किती, आणि लोकांत मिसळण्याने तो वाढतो का?

व्हिसासाठी गोठवलेल्या खात्यात (‘ब्लॉक्ड अकाउंट’) वर्षाला ११,९०४ युरो ठेवावे लागतात आणि त्यातून महिन्याला ९९२ युरो हातात येतात. त्यातला सर्वांत मोठा वाटा घरभाड्याचा, त्याखालोखाल आरोग्य विम्याचा. आखेनमध्ये शिक्षण शुल्क नाही, परंतु प्रत्येक सत्राला साधारण ३०० ते ३५० युरो वर्गणी भरावी लागते. तीत प्रवासाचा पास येतो, आणि तो देशभरातल्या शहरी बस आणि प्रादेशिक गाड्यांना चालतो, अतिवेगवान गाड्यांना मात्र चालत नाही. रेडिओ-दूरचित्रवाणीचे १८.३६ युरो दर महिन्याला घरामागे द्यावे लागतात आणि एका घरात राहणारे ते वाटून घेतात. मार्च २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते, आणि संशोधन गटातले ‘हिवी’ म्हणजे विद्यार्थी सहायकाचे काम मिळाले तर अभ्यास आणि कमाई एकाच छताखाली होतात.

मिसळण्याने खर्च वाढतो, तो हॉटेलात गेल्याने. घरी बोलावण्याने तो वाढत नाही, उलट कमीच होतो. तिथे जेवायला येणारा प्रत्येक जण काहीतरी घेऊन येतो आणि बाहेर गेल्यास प्रत्येकाचे बिल वेगळे होते. वेटर स्वतःच “एकत्र की वेगवेगळे?” असे विचारतो. यात कोणाला कमीपणा वाटत नाही. वाढदिवसाचा केकही ज्याचा वाढदिवस असतो तोच घेऊन येतो, आणि वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देणे अशुभ मानतात, हे मात्र आठवणीने सांगून ठेवते.

सामायिक घरात इतरांशी जुळवून घेणे अवघड जाते का?

अवघड जाते, आणि त्याची कारणे बहुधा स्वयंपाकघरात असतात. तीन-चार जण मिळून घेतलेल्या घराला ‘वेगे’ म्हणतात. दारामागे साफसफाईचे वेळापत्रक लावलेले असते आणि आपली पाळी चुकवणे हा तिथे मोठा अपराध समजतात. कचऱ्याचे वर्गीकरण आपल्या ओल्या-सुक्यापेक्षा बारकाईचे असते. वेष्टने पिवळ्या डब्यात, कागद निळ्यात, भाजीची साले तपकिरीत, उरलेले काळ्यात आणि काचेच्या बाटल्या रंगांनुसार रस्त्यावरच्या मोठ्या पेटीत टाकायच्या, पण रविवारी नाही, कारण त्यांचा आवाज होतो. प्लॅस्टिकच्या पाण्याच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, म्हणून ती फेकायची नाही, दुकानातल्या यंत्रात परत करायची.

फोडणीचे वेगळेच आहे. पहिल्या महिन्यात मी मोहरी तडतडवताना दार उघडे ठेवले आणि बोळात छताला लावलेला धुराचा गजर वाजू लागला. घरातल्या तिघी आपापल्या खोल्यांतून धावत बाहेर आल्या. मी खजील झाले, पण त्यांनीच मला शिकवले की आधी खिडकी पूर्ण उघडायची, मग स्वयंपाकघराचे दार लावायचे आणि मग तेल तापवायचे. त्या रात्री त्याच फोडणीचे वरण आम्ही चौघींनी खाल्ले आणि तेव्हापासून मंगळवारचे जेवण एकत्र ठरले. ते आजही चालू आहे. तिथे ‘क्वार्क’ नावाचा चक्क्यासारखा पदार्थ मिळतो. बिनसायीचा क्वार्क फडक्यात चार-पाच तास टांगून ठेवला की साखर, वेलदोडा आणि केशर घालून उत्तम श्रीखंड होते, आणि माझ्या मैत्रिणींना तो आपलाच पदार्थ नव्याने भेटल्यासारखा वाटतो.

घराविषयी एक सावधगिरीची गोष्ट सांगणे मी माझे कर्तव्य समजते. हिवाळ्यात खिडक्या बंद ठेवून आत कपडे वाळवले, स्वयंपाक केला की भिंतींना बुरशी धरते. दिवसातून दोन-तीन वेळा पाच-दहा मिनिटे खिडक्या सताड उघडून हवा बदलणे हा तिथला नियमच आहे. माझ्या पहिल्या खोलीच्या कोपऱ्यात मी येण्यापूर्वीच बुरशी होती. मी ती पाहिली, पण लिहून घेतली नाही. घर सोडताना मालकाने अनामतीतून मोठी रक्कम कापली आणि माझ्याजवळ दाखवायला काहीच नव्हते. कायद्याने अनामत मूळ भाड्याच्या तीन महिन्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, परंतु तीन महिन्यांचे भाडे ही विद्यार्थ्यासाठी लहान रक्कम नव्हे. ताबा घेताना प्रत्येक भिंतीचे छायाचित्र काढावे आणि ताब्याच्या कागदावर दोष लिहवून दोघांच्या सह्या घ्याव्यात. विद्यार्थी मंडळांत भाड्याच्या प्रश्नांवर सल्ला मिळतो. मी तो सल्ला घ्यायला उशिरा गेले.

तिथल्या लोकांना आपले सण दाखवायचे असतील तर काय करावे?

“दाखवणे” हा शब्द मला थोडा खटकतो. मंचावर नऊवारी नेसून नाचणे आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजवून घरी जाणे, असे कार्यक्रम मीही केले आहेत आणि त्यांत गैर काही नाही. पण त्यातून कोणी आपल्या घरी आले, असे फारसे घडले नाही. कंदिलांचे तसे झाले नाही, म्हणून ते सविस्तर सांगते.

२०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते. त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे ११ नोव्हेंबरला, ऱ्हाइन नदीच्या भागात सेंट मार्टिनचा दिवस असतो. मार्टिनने आपला अर्धा झगा फाडून थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला दिला, ही कथा. त्या दिवशी अंधार पडल्यावर लहान मुले कागदाचे कंदील काठीला लावून गाणी म्हणत रस्त्याने जातात, पुढे घोड्यावर बसलेला मार्टिन असतो आणि शेवटी शेकोटीपाशी माणसाच्या आकाराचा गोडसर पाव मिळतो. आमच्या दुरुस्ती कार्यशाळेच्या इमारतीतच मुलांसाठी कंदील करण्याचे वर्ग भरत असत. ऑक्टोबरच्या शेवटी एका शनिवारी मी तिथे डोकावले तर टेबलावर पारदर्शक रंगीत कागद, कात्र्या आणि गोंद पसरलेला होता आणि कागदाच्या वेष्टनावर ‘पतंगाचा कागद’ अशा अर्थाचा जर्मन शब्द छापला होता. आमच्या चाळीवजा जुन्या घराच्या गच्चीवर बाबा आणि शेजारचे काका ज्या कागदाने कंदील करत, त्याचेही नाव आमच्या घरी तेच.

मी तिथल्या बाईंना विचारले की पुढच्या शनिवारी आमच्याकडचा कंदील करून दाखवू का. त्यांनी लगेच वहीत माझे नाव लिहिले. बांबूच्या काड्या बागकामाच्या दुकानात मिळाल्या. खळ मैद्याची केली. आठ वर्षांच्या एका मुलीने माझ्या शेजारी बसून कंदिलाच्या कागदी करंज्या दुमडायला घेतल्या. तिची पहिली करंजी उलटी दुमडली गेली. मी ती सोडवू लागले तर तिने माझा हात बाजूला केला, स्वतःच उलगडली, बोटाने घडी दाबून सरळ केली आणि पुन्हा दुमडली. चौकोनी चौकटींवर ताणून बसवलेला कागद वाळला की टिचकी मारल्यावर ढोलकीसारखा वाजतो, हे तिनेच शोधून काढले आणि मग सगळे टेबल टिचक्या मारू लागले. खाली शेपट्या लावायच्या आधी मी सांगितले की आमच्याकडे हा दारात टांगतात आणि तो महिनाभरही राहतो. मुलीने विचारले, “मग तो रस्त्याने कोणी फिरवत नाही?” मी नाही म्हटले. तिला ते पटले नाही. शेवटी सेंट मार्टिनच्या मिरवणुकीत आमचा षटकोनी कंदील एका लांब काठीला अडकवून, आत छोटा विजेचा दिवा घालून, तिच्या वडिलांनी धरला. शेपट्या वाऱ्याने सारख्या काठीला गुंडाळल्या जात आणि ती मुलगी उड्या मारून त्या सोडवत होती.

दुसऱ्या दिवशी ते कुटुंब आमच्याकडे फराळाला आले. चकल्या मोडत होत्या, करंज्यांचे सारण कोरडे झाले होते, पण अनारसे काय आणि चिवडा काय, त्यांनी प्रत्येक गोष्ट कशाची, कोणी शिकवली, हे विचारले. त्यानंतर दर वर्षी तो वर्ग भरतो. आता मराठी घरांतल्या दोघी-तिघी काड्या बांधायला येतात.

भाड्याच्या घरात गणपती बसवता येतो का?

येतो, दीड दिवसाचा आणि शांततेने. रात्री दहा ते सकाळी सहा आवाज चालत नाही आणि रविवारी दिवसभर शांतता पाळतात. घरी पाहुणे येणार असतील तर तिथे जिन्यात आधी चिठ्ठी लावण्याची पद्धत आहे. आम्ही “शनिवारी संध्याकाळी सात ते साडेसात घंटा आणि टाळ्या ऐकू येतील, आपण यावे” अशी चिठ्ठी लावली. वरच्या मजल्यावरच्या आजीबाई आल्या आणि आरतीभर हात जोडून उभ्या राहिल्या. मूर्ती शाडूचीच असावी. नदी-तलावात विसर्जन करता येत नाही, म्हणून बादलीत करावे आणि विरघळलेली माती कुंड्यांत घालावी. ठाण्यातल्या कृत्रिम तलावांची सवय असलेल्याला याचे वावगे वाटणार नाही. गणपती बहुधा उन्हाळी सत्राच्या परीक्षांच्या दिवसांतच येतात, एवढे मनात धरून ठेवावे.

मराठी मंडळातच राहावे की त्यापासून लांब राहावे?

दोन्ही टोके टाळावीत. ताप आला असता मध्यरात्री पेज घेऊन येणारी माणसे मराठी मंडळातलीच होती आणि त्यांचे ऋण माझ्यावर आहे. परंतु पाच वर्षे तिथे राहून एकाही जर्मन घरात पाऊल न टाकलेले लोकही मला त्याच मंडळात भेटले. जर्मनीत संस्था नोंदवायची तर निदान सात सदस्य लागतात, इतिवृत्त ठेवावे लागते आणि हिशेब द्यावे लागतात. ज्याने ठाण्यात गणेशोत्सवाची वर्गणी गोळा केली आहे, पावतीपुस्तक सांभाळले आहे किंवा पाडव्याच्या स्वागतयात्रेत स्वयंसेवक म्हणून गर्दी आवरली आहे, त्याने हे काम संकोच न करता अंगावर घ्यावे.

तिथे भेदभाव होतो का?

होतो, आणि पालकांपासून ते लपवून ठेवू नये. घर शोधताना आडनाव पाहून उत्तरच येत नाही, असा अनुभव अनेकांना येतो. गाडीत कोणी उगाच बोलून जातो. कायदा आपल्या बाजूने आहे. २००६ पासून समान वागणुकीचा कायदा आहे आणि त्याच वर्षी स्थापन झालेले केंद्रीय भेदभावविरोधी कार्यालय सल्ला देते. मात्र माझा अनुभव असा की अशा प्रसंगी सर्वांत आधी उपयोगी पडतो तो सोबतचा माणूस. एकदा बसमध्ये एकाने माझ्यावर आवाज चढवला तेव्हा दुरुस्ती कार्यशाळेतले एक निवृत्त गृहस्थ योगायोगाने मागे बसलेले होते. ते उठून माझ्या शेजारी येऊन बसले आणि माझ्याशी एका बिघडलेल्या मिक्सरविषयी बोलू लागले. त्यांनी त्या माणसाकडे पाहिलेसुद्धा नाही. तो पुढच्या थांब्यावर उतरला.

मुलगी रात्री एकटी घरी येऊ शकते का?

आखेनसारख्या विद्यार्थ्यांच्या शहरात मी प्रयोगशाळेतून रात्री अकराला नेहमी येते. नेहमीची काळजी घ्यावीच. पोलिसांसाठी ११० आणि अग्निशमन व रुग्णवाहिकेसाठी ११२ हे क्रमांक पाठ असावेत.

दारू आणि मांसाहार यांचा आग्रह होतो का?

होत नाही. “मी पीत नाही” एवढे एकदा सांगितले की पुरते, आणि विद्यापीठाच्या खानावळीत शाकाहारी पदार्थ रोज असतोच.

हिवाळ्यात फार एकटे वाटते, असे ऐकले आहे. त्यावर काय करावे?

डिसेंबरात आखेनला सकाळी साडेआठला उजाडते आणि साडेचारला मावळते, आणि पाऊस तर वर्षभर असतो. आपल्याकडचा पाऊस येतो आणि जातो, तो तिथे नुसता असतो. ज्या मुलांना आपण कधी उदास झालो नाही असे वाटते, त्यांनाही नोव्हेंबरपासून जड वाटू लागते. दुकाने रविवारी बंद असतात, त्यामुळे तो दिवस सर्वांत लांब वाटतो. म्हणून रविवारसाठी काहीतरी आधीच ठरवून ठेवावे, मग ते कोणाबरोबर चालायला जाणे असो की चार जणांनी मिळून पुरणपोळ्या करणे असो.

तरीही दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप लागत नसेल, जेवण नकोसे झाले असेल, तर विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे जावे. ही सेवा विद्यार्थ्यांसाठी असते आणि ती घेतल्याची नोंद गुणपत्रिकेवर येत नाही. माझ्याच वर्गातला एक मुलगा चार महिने कोणाला काही बोलला नाही. तो मंगळवारच्या जेवणाला यायचा थांबला, म्हणून आम्ही त्याच्या दारावर जाऊन थाप मारली. तो नियमाने येत नसता तर तो आलेला नाही, हे आम्हाला कळलेच नसते.

राजकीय किंवा सामाजिक कामात भाग घेतल्याने व्हिसाला अडचण येते का?

विनामोबदला स्वयंसेवा, विद्यार्थी मंडळाचे काम आणि शांततापूर्ण सभा यांना हरकत नसते. इतकेच नव्हे तर आखेन ज्या राज्यात आहे त्या नॉर्थ राइन-वेस्टफालियात, जर्मनीत एक वर्ष कायदेशीर वास्तव्य झालेल्या परदेशी नागरिकाला, शहराच्या स्थलांतरितांच्या प्रश्नांवर बोलणाऱ्या मंडळासाठी मत देता येते. सप्टेंबर २०२५ मध्ये ती निवडणूक झाली. रक्तदानाचे मात्र वेगळे आहे. आपल्याकडे मंडळाच्या शिबिरात जाऊन सहज रक्त देता येते, पण मलेरियाच्या प्रदेशातून आलेल्याला तिथे बराच काळ थांबावे लागते. नकार मिळाला तर तो मनाला लावून घेऊ नये.

पालकांनी किती वेळा फोन करावा?

हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढे असतो आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेतीन तास. आई ठाण्यात रात्री नऊला जेवण आटोपून फोन करते तेव्हा हिवाळ्यात माझे साडेचार वाजलेले असतात, म्हणजे प्रयोगशाळेतली ऐन कामाची वेळ. पहिल्या वर्षी मी रोज एक तास बोलत असे आणि त्या तासासाठी बाकी सगळ्यांना नाही म्हणत असे. आता आम्ही रोज पाच मिनिटे आणि शनिवारी मनसोक्त, असे ठरवले आहे. पालकांना मी विनवणी करते की फोन उचलला नाही तर मूल कोणासोबत तरी आहे, असे आधी समजावे.

शनिवारी जर्मनीत दुपारी दीड वाजता, म्हणजे हिवाळ्यात ठाण्यात सहाला, मी जाण्याच्या तयारीतल्या मुलांशी बोलते. त्यांना मी एकच गृहपाठ देते. निघण्याआधीचे सहा महिने ठाण्यातच एखाद्या ठिकाणी आठवड्यातून एकदा नियमाने जा. १८९३ पासून चालत आलेले मराठी ग्रंथसंग्रहालय असो, तलावपाळीवरची सफाई असो की सोसायटीतल्या मुलांची शिकवणी असो.

जाताना बॅगेत काय न्यावे?

पोहे, डाळी, मसाले भारतीय दुकानांत मिळतात आणि कोथिंबीर, भेंडी तुर्की दुकानांत. रवाही कोणत्याही किराणा दुकानात मिळतो. दूध आणि मांस यांचे पदार्थ युरोपीय संघात प्रवाशाला नेता येत नाहीत, म्हणून पेढे आणि घरचे तूप ठाण्यातच ठेवावे. ताजी फळेही प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. नारळ, केळी, अननस, खजूर आणि ड्युरियन यांना मात्र सूट आहे, त्यामुळे पूजेचा नारळ खुशाल न्यावा. कंदिलासाठी कागद तिथे मिळतो, झिरमिळ्यांची सोनेरी पट्टी मिळत नाही; ती जांभळी नाक्यावरून घ्यावी. तीन लिटरचा कुकर न्यावा आणि त्याची जादा शिट्टी व दोन रबरे आठवणीने सोबत ठेवावीत.